डाव्या डोळ्याची साइट

"धनुष्य कोण ताणणार?"

जळगावच्या आमच्या दुकानात बसून हा प्रश्न मी इतक्या वेळा विचारला आहे की अजून झोपेतही विचारत असेन. गिऱ्हाईक आत यायचं, काचेवर बोट टेकवायचं, "अक्का, ती साइट द्या, ती भारी दिसते," आणि माझं आपलं ठरलेलं, कोण ताणणार? लोक वैतागायचे. एक गृहस्थ तर म्हणाले, "तुम्हाला दुकान चालवायचंय की पोलीस चौकी?" म्हटलं, दोन्ही. हवी असेल तर घ्या, नाहीतर शेजारी रसाचं दुकान आहे, तिथे कुणी काही विचारत नाही.

दुकान यजमानांनी काढलं. कॅरम, बॅटी, ढाली, बक्षिसाचे कप असला सगळा पसारा. पुढे धुळ्याकडचे, पिंपळनेर-साक्रीकडचे शिक्षक पोरांसाठी धनुष्यबाण मागायला लागले आणि तो माल आला. यजमानांना त्यात रस नव्हता. मला मात्र त्याचं वेडच लागलं. ते गेल्यावर लोकांना वाटलं, बाई आता दुकानाला कुलूप लावणार. मी कशाची लावतेय! साइट बसवून द्यावी तर जळगावच्या अक्कानं, एवढं नाव मिळवलं मी. आता गुडघ्यांनी दगा दिला म्हणून दुकान दुसऱ्याला दिलं. संपादक म्हणाले, धंद्यातल्या गमतीजमती लिहा. लिहिते, पण त्यातली एक गंमत नाही, हे आधीच सांगून ठेवते. ती मी आजवर कुणाला नीट सांगितलेली नाही, कारण सांगायला बसले की मानेवर काटा येतो.

ज्यांनी कधी धनुष्य हातात धरलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. साइट म्हणजे नेम धरायला धनुष्याला बसवायचं साधन. एक गोल कडी, तिच्यात बारीक पिन. पिनेचं टोक निशाणावर ठेवायचं आणि बाण सोडायचा. चाकांचं जे धनुष्य असतं, ज्याला कंपाउंड म्हणतात, त्याच्या दोरीतच एक छोटं छिद्राचं मणीवजा चकतं बांधलेलं असतं. त्याला पीप म्हणतात. दोरी ताणली की ते बरोबर डोळ्यासमोर येतं. त्या छिद्रातून पुढची कडी पाहायची, कडीतून पिन, पिनेतून निशाण. झालं. पण पीप कुठे बांधायचं, पिन कुठे ठेवायची, हे माणसागणिक बदलतं. उंची, हात, गाल, आणि डोळा. तुमची साइट लावून मी बाण मारला तर तो भलतीकडेच जाणार. म्हणून विचारायचं, कोण ताणणार.

गिऱ्हाइकं एकेक नमुने! एका नाटकमंडळीला रामाच्या धनुष्याला साइट हवी होती, "जरा मॉडर्न दिसेल." मी म्हटलं, मग रामाला चष्माही द्या. बिचारे हिरमुसून गेले. एकदा पिंपळनेरकडची एक मुलगी आजोबांना घेऊन आली होती, मोठ्या स्पर्धेला निघाली होती. म्हाताऱ्यांनी जन्मभर बांबूचं धनुष्य वापरलेलं. साइट वगैरे काही नाही. मी कौतुकानं नातीचं धनुष्य त्यांच्या हातात दिलं, म्हटलं, "आबा, या छिद्रातून बघा तरी." त्यांनी दोरी ताणली, डोळा लावला आणि हळूच दोरी परत सोडली. धनुष्य माझ्या हातात देऊन म्हणाले, "बठ्ठं चांगलं शे, अक्का. पन मी नही देखाव आते. तठून कोनी तरी माले देखी ऱ्हायनं."

सगळं चांगलं आहे, पण आता मी बघणार नाही, तिथून कुणीतरी मला बघतंय! नात हसली, मीही हसले. त्यांना चहा पाजला. हे वाक्य पुढे माझ्या मानगुटीवर बसणार आहे हे मला काय ठाऊक.

आता शिकारीचं. आपल्याकडे शिकारीला बंदी आहे, आणि मी दुकानात पाटीच लावली होती, शिकारीसाठी साहित्य मिळणार नाही. तरी येणारे येतच. रानडुकरं, नीलगाई, कारणं हजार. मी सगळ्यांना एकाच मापात हाकलायची. म्हणून त्या उन्हाळ्यात नाना आले आणि त्यांनी काळी लांबडी पेटी उघडली, तेव्हा मी पाहताक्षणी म्हटलं, "नाना, हे शिकारीचं धनुष्य आहे. याला माझ्याकडे काही मिळायचं नाही. पाटी वाचा."

दुपारची वेळ. जळगावचं ऊन म्हणजे काय ते जळगावकरालाच कळेल. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. नाना सावद्याकडचे, केळीचे बागाईतदार. उंच, खांदे रुंद, गळ्यात तुळशीची माळ. त्यांनी पाटी वाचली, मान हलवली आणि म्हणाले, "शिकार करणारा गेला, अक्का. माह्या पोऱ्याचं हाये ते."

हेमंत त्यांचा एकुलता एक. कॅनडात नोकरी, लग्न केलेलं नव्हतं. तिकडे परवाना काढून हरणाची शिकार करायचा. घर माळकरी, म्हणून इथे कधी बोलला नाही, फोटोही कधी पाठवला नाही. दिवाळीनंतर एका संध्याकाळी जंगलात मचाणावरून उतरताना, तिकडच्या पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे, उजव्या बाजूची पायरी चुकला आणि खाली पडला. सकाळी सापडला. अंत्यसंस्कार तिकडेच झाले. गावाकडचा एक मित्र अस्थी घेऊन आला आणि तिकडच्या पोलिसांनी दिलेली ही पेटी. पडताना साइट तुटली होती, ती कुठे गेली कोण जाणे. धनुष्याच्या अंगावर दोन स्क्रूची भोकं आणि फिकट डाग तेवढा उरला होता.

"साइट बसवून द्या," नाना म्हणाले. "आखाजीला त्याची पहिली घागर हाये."

आमच्या खानदेशात अक्षय्यतृतीयेला, म्हणजे आखाजीला, गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात, वर खरबूज ठेवतात. नानांच्या घराण्यात आणखी एक रीत. गेलेल्यानं जे हत्यार वापरलं ते पहिल्या आखाजीला घागरीजवळ ठेवायचं, आणि ते धड हवं. विळ्याची मूठ गेली असेल तर मूठ बसवायची, कुदळीचा दांडा मोडला असेल तर दांडा घालायचा. हत्यार अर्धं राहिलं तर माणूस उरलेलं शोधत फिरतो, घागरीचं पाणी प्यायला बसत नाही.

"आनि तो फिरूनच राह्यलाय," नाना हळू आवाजात म्हणाले. "रोज सकाळी धनुष्य खुंटीवर उलटं झालेलं असतं. मी लावतो एका तोंडानं, सकाळी पाह्यलं का दुसऱ्या तोंडानं. दारं आतून लावेल असतात. घरात मी आनि हेमंतची आई, तिसरं मानूस नही."

मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नव्हे. धनुष्य हातात घेतलं, आधी धंदा. आणि घेतल्या घेतल्या माझा हात अडखळला. "नाना, हेमंत डावखुरा होता का?"

"छ्या! उजवा व्हता. लिहायचा, जेवायचा, समदं उजव्यानं."

"हे डाव्या हातानं ताणायचं धनुष्य आहे. डाव्या डोळ्यानं बघणाऱ्याचं."

बाण ठेवायची जागा कुठल्या अंगाला आहे यावरून हे आंधळ्यालाही कळेल. मी त्यांना ते दाखवलं. नाना बघत राहिले. मला वाटलं, म्हणतील की चुकीची पेटी आली, परत पाठवू. पण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी काउंटर घट्ट धरला.

"मंग हे त्याचं नही," ते म्हणाले. "अक्का, मंग चार महिने माह्या घरात कोन फिरू राह्यलं?"

बाई गं! परक्याच माणसाची घागर भरायची की काय, या धास्तीनं नानांनी खिशातून मोबाइल काढला. अस्थी आणणाऱ्या मित्राला तिथूनच फोन लावला. तो म्हणाला, पेटीवर हेमंतचंच नाव होतं, पण मी कधी त्याच्याबरोबर शिकारीला गेलो नाही, शपथेवर सांगू शकत नाही.

मी नानांना पाणी दिलं आणि समजावलं. काही माणसं हातानं उजवी असतात, पण त्यांचा डावा डोळा जोरकस असतो. अशांना आम्हीच डावं धनुष्य देतो. आणि धनुष्य माणसाचं माप धरून बसतं. दोरी कुठवर ताणायची ते चाकावर ठरलेलं असतं, पीप डोळ्याच्या उंचीवर बांधलेलं असतं. हेमंतच्या अंगलटीचा माणूस मिळाला तर ताणून पाहता येईल, त्याचं आहे की नाही.

"तो माह्यावरच गेलेला व्हता," नाना म्हणाले. "माहे सदरे त्याले जसेच्या तसे व्हायचे."

मग साइट निवडायला घेतली. इतक्या वर्षांत नसलेल्या माणसासाठी साइट मी पहिल्यांदाच निवडत होते. पीपचं छिद्र मोठं होतं, म्हणजे अंधुक उजेडात बघणाऱ्याचं. तेव्हा पुढची कडीही तेवढीच मोठी हवी, छिद्रात बरोबर बसणारी. पाच पिनांची घ्यावी तर अंतराचा अंदाज घेऊन कुठली पिन धरायची ते झटकन ठरवता यायला हवं. का कोण जाणे, माझा हात एका पिनेच्या साइटवर गेला. धनुष्याच्या अंगावरच्या फिकट डागाशी तिचा पत्रा लावून पाहिला तर काठाला काठ जुळला. मान वर केली तर दोरीतलं पीप माझ्याकडे वळलेलं. दोरी ताणलेली नसताना ते आडवं असतं. मी बोटानं आडवं केलं, पेटी बंद करून नानांना परत दिली आणि म्हटलं, साइट घेऊन मीच येते, तुमच्या हातानं नेम लावावा लागेल.

आखाजीच्या दोन-तीन दिवस आधी मी सावद्याकडे गेले. नशिराबाद मागे पडलं तरी मनात म्हणत होते, अक्का, तुझं काय अडलंय? पण साइट बसवून नेम लावून देणं हे माझं काम, ते अर्धं ठेवायची सवय मला नाही. आणि खरं सांगायचं तर, त्या माणसाचा "कोन फिरू राह्यलं" हा प्रश्न मला सोडत नव्हता.

हेमंतची आई, सुमनताई, ओट्यावर बसल्या होत्या. बारीक चणीच्या, फार न बोलणाऱ्या. ओट्याच्या खांबाला खुंटी, खुंटीवर धनुष्य. मी साइट बसवता बसवता त्यांना म्हटलं, "ताई, एक आठवून सांगा. हेमंतला डाव्या डोळ्यानं बघायची सवय होती का?"

त्यांनी नानांकडे पाहिलं. मग पदर तोंडाला लावला.

"त्याले उजव्या डोळ्यानं दिसतच नव्हतं," त्या म्हणाल्या.

नाना ओट्याच्या कडेवर बसलेले होते, ते उठून उभे राहिले.

सुमनताई आता थांबेनात. हेमंत शाळेत होता तेव्हा एकदा बागेतलं पाणी चालू ठेवून खेळायला गेला. नानांचा राग म्हणजे राग. वाळलेलं ढेकूळ उचलून त्यांनी पोराच्या दिशेनं भिरकावलं, लागावं म्हणून नाही, पण लागलं. डोळा सुजला, पट्टी बांधली, सूज उतरली. वरून डोळा जसाच्या तसा. नाना विसरूनही गेले. पण आतला पडदा गेला होता. सुमनताई माहेरच्या निमित्तानं त्याला डॉक्टरकडे घेऊन गेल्या, तिथे कळलं.

"पानी प्यायला हात पुढे करायचा तर पेला बाजूला राहायचा. मी आपली पेला त्याच्या हातात द्यायची. त्यानं माह्याकडून शपथ घेतली. म्हने, आई, नानांना सांगू नको. त्यांना घास जानार नही."

मी पान्ह्यानं साइटचा शेवटचा स्क्रू आवळला. नाना खुंटीकडे पाहत होते. मग आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "उजव्या बाजूची पायरी." आणखी काही नाही. मचाणावरची ती पायरी हेमंत का चुकला, हे त्या म्हाताऱ्याला त्या क्षणी कळलं. मला रडू आलं, आणि मी काही पटकन रडणारी बाई नाही.

मी म्हटलं, "राहू द्या नाना, साइट बसली आहे, हत्यार धड झालं. नेमाचं काही लागत नाही."

"नही. नेम लावा," नाना म्हणाले. "त्याले फसवायचं नही."

आम्ही बागेत गेलो. केळीच्या बागेत भर दुपारीही हिरवट अंधार असतो. वारा नव्हता. तरी कुठेतरी एकच पान सळसळायचं आणि थांबायचं, मग जरा पलीकडे दुसरं. नानांनी घड कापलेल्या केळीचे जाड खांब एकावर एक रचले होते, बाण त्यात मऊसूत रुततो. मी त्यावर खडूनं गोल काढला. धनुष्याचा जोर नानांच्या वयाला झेपणारा नव्हता, म्हणून स्क्रू सैल करून तो पुष्कळ कमी केला. आता हे लक्षात ठेवा, जोर कमी केला की बाण खाली पडतो. आणि डब्यातून काढलेली साइट पहिल्या बाणाला कधीच लागत नाही. माझ्या सगळ्या आयुष्यात लागलेली नाही. बाण मारायचा, कुठे गेला बघायचं, पिन हलवायची, परत मारायचा, यातच दिवस जातो.

नानांनी डाव्या हातानं दोरी ताणली. पीप त्यांच्या डाव्या डोळ्यासमोर बरोबर येऊन थांबलं, बोटभरही वरखाली नाही. धनुष्य हेमंतचंच होतं, यात मला शंका उरली नाही. बाण सुटला आणि खडूच्या गोलात मधोमध रुतला.

"योगायोग," मी म्हटलं. दुसरा बाण पहिल्याला चिकटून लागला.

मग मी एक केलं. नानांना न सांगता पिन जाईल तितकी खाली आणि बाजूला सरकवली. असा नेम धरला तर बाण बागेबाहेर जायला हवा. तिसरा बाण त्याच जागी लागला. इतक्या वर्षांत शिकलेलं सगळं माझ्यासमोर खोटं पडत होतं, आणि ते एकच पान आता आमच्या अगदी जवळ सळसळत होतं.

"नाना," मी म्हटलं, "पिन कुठे ठेवता तुम्ही?"

नानांनी धनुष्य खाली केलं. गालावरून पाणी वाहत होतं.

"पिन मी पाह्यलीच नही, अक्का. त्या छिद्रातून पलीकडे डोळा दिसू राह्यला. माह्याकडेच पाहत व्हता." ते थांबले. "उजवा डोळा. चांगला व्हता. साफ."

पिंपळनेरचे आबा आठवले आणि माझी मान ताठच झाली. मागे सुमनताई कधी येऊन उभ्या राहिल्या ते कळलं नाही. त्या रचलेल्या खांबांकडे बघून, जेवायला बोलवावं तितक्या साध्या आवाजात म्हणाल्या, "आता दिसतं ना रे तुले?"

मी पिन पहिल्या जागी आणली नाही. जशी होती तशीच घट्ट केली. निघताना फाटकापाशी सुमनताईंना बाजूला घेऊन विचारलं, "ताई, खरं सांगा. धनुष्य रोज तुम्हीच फिरवून ठेवत होतात ना? त्यांनी कारण विचारावं, डोळ्याचं निघावं म्हणून?"

"पहिल्या दिवशी मीच फिरवलं," त्या म्हणाल्या. "ते उजव्यासारखं टांगायचे, माह्याच्यानं पाहवेना. पन त्यांनी ओरडा केला, तसं मी परत हात लावला नही. दुसऱ्या दिवसापासून मी नही."

आखाजीला त्यांनी मला जेवायला बोलावलं. न जाऊन सांगते कुणाला! गावात झोके बांधलेले, माहेरवाशिणींची गाणी चाललेली, आणि यांच्या घरात आम्ही तिघंच. ओट्यावर नवी घागर, वर खरबूज, आमरस-पोळीचं पान, आणि शेजारी हेमंतचं धनुष्य, साइटसकट. नाना म्हणाले, त्या दिवसापासून ते खुंटीवर फिरलेलं नाही.

पूजा झाली. पानातला घास घेऊन नाना अंगणात ठेवायला निघाले. ओट्याला पायऱ्या आहेत, दगडी, जरा उंचच. नाना पहिल्या पायरीवर थांबले. घास डाव्या हातात घेतला, उजवा हात मागे केला आणि कुणाचा तरी हात धरावा तशी बोटं मिटली.

"पोऱ्या, उजव्या अंगाला पायरी हाये," ते म्हणाले. "मी हाये. सावकाश उतर."

आणि एकेका पायरीवर थांबत, आपल्या पावलापेक्षा लहान पाऊल टाकत, ते खाली उतरले.